लोहाराच्या घराचा धूर

नऊ वर्षं झाली, दोसिंदा रोज सकाळी दुसऱ्याच्या घरात जाऊन चूल पेटवत होती, आणि त्यावरून गावात तिला कुणी वेडी म्हटलं नव्हतं. अकरा गायींच्या धारा उरकायच्या, शेणानं भरलेले रबरी बूट तसेच पायात, काखेत लाकडाचा भारा मारायचा आणि शेजारच्या लोहाराच्या घरात शिरायचं. त्या घरात लोहार राहिला नव्हता, भाता राहिला नव्हता, माणूसच राहिला नव्हता. ओरेन्सिओ, त्या घराचा एकुलता मुलगा, तीस वर्षांपूर्वी स्वित्झर्लंडला कामाला गेला आणि ऑगस्टातले पंधरा दिवस सोडले तर तिकडचाच झाला. पण धुराड्यातून धूर निघत होता, आणि विलारकोवो गावात धुराला किंमत होती. डोंगर कुणा एकाचा नाही, गावाचा. गावाचा म्हणजे ज्या घरात चूल पेटते त्या घरांचा. धूर आहे तर चराईत वाटा आहे, सभेत हात वर करायचा हक्क आहे. चूल थंड पडली की वाटा गेला, मग घराचे कागद किती का पक्के असेनात.

ओरेन्सिओची आई शेनेरोसा मरताना दोसिंदाचा हात धरून म्हणाली होती, "माझा धूर बंद पडू देऊ नकोस गं." हीच शेनेरोसाबाई दोसिंदाच्या पहिल्या बाळंतपणात दोन दिवस तिच्या उशाशी बसून होती, कारण दोसिंदाला आई नव्हती. अशा बाईला नाही कुठल्या तोंडानं म्हणायचं? दोसिंदा "नाही पडू देणार" म्हणाली, आणि बोलली ते तिनं पाळलं. लाकूड तिचं, काडी तिची आणि दुखणारे गुडघेही तिचेच.

"त्या गुडघ्यांची तरी कीव कर," नवरा म्हणायचा. एलादिओची कंबर झाड तोडताना कामातून गेली होती. तेव्हापासून तो खिडकीपाशी बसून बटाटे सोलायचा आणि तोंड चालवायचा. "ओरेन्सिओ तिकडे हीटरला पाय लावून बसलाय, आणि आमची बाई इकडे त्याची राख उपसतेय."

"मी त्याच्यासाठी नाही करत."

"मग कुणासाठी? मेलेल्या माणसाला थंडी वाजत नाही, दोसिंदा."

"तू बटाटे सोल. साली जाड काढतोयस."

हे सगळ्या गावाला माहीत होतं आणि गावात कुणीच ते बघत नव्हतं. वरच्या अंगाला राहणारी प्लासिदा बार्सिलोनाच्या भावाच्या घरात अशीच चूल पेटवायची. दर जानेवारीत डोंगर समितीचा अध्यक्ष बाल्दोमेरो वही घेऊन गावातून चक्कर मारायचा, मान वर करून धुराडी बघायचा आणि खुणा करत जायचा. दार तो कुणाचंच वाजवायचा नाही. तसं करणं म्हणजे घराचा अपमान झाला असता.

समोरच्या तिन्ही डोंगरांवर पवनचक्क्या उभ्या राहून जमाना लोटला होता. पहिली आली तेव्हा शाळेतल्या पोरांना बघायला नेलं होतं, पाद्र्यानं तिच्या पायाशी पवित्र पाणी शिंपडलं होतं. पुढे एवढ्या झाल्या की त्या मोजायचंही लोकांनी सोडून दिलं. दर वर्षी पेपरात यायचं, देशानं वाऱ्यावर अमुक इतकी वीज केली, आता तमुक करणार. करा बाबा. विलारकोवोत मात्र जरा वादळ आलं की दिवे जायचे, आणि दोसिंदा गोठ्यात कंदील टांगून हातानं धारा काढायची. समोर डोंगरावरचे लाल दिवे तेवढे ऐटीत लुकलुकत असायचे.

आता कंपनीला यांचा डोंगर हवा होता. वरच्या माळावर सात पवनचक्क्या, आधीच्यांच्या दुप्पट उंच, आणि बदल्यात धूर असलेल्या प्रत्येक घराला वर्षाला पैसे. वरचा माळ म्हणजे काळी, भिजकी, पाय बुडणारी जमीन. सगळा हिवाळा ती पाणी पिऊन घ्यायची आणि सगळा उन्हाळा थेंबथेंब खाली सोडायची. त्याच पाण्याचा झरा दोसिंदाच्या गोठ्यामागे फुटायचा. तिच्या घराचं नावच झऱ्याचं घर. घरातला नळ, गायींची डोण, खालचं गवताचं कुरण, सगळं त्या एका झऱ्यावर. तो नसता तर अकरा गायी नसत्या, आणि अकरा गायी नसत्या तर दोघं म्हातारी काय खात बसली असती, देव जाणे.

ऑक्टोबर कोरडा गेला. त्याच महिन्यात कंपनीनं माळावर पाया कसा बसेल ते बघायला चार खड्डे घेतले. तिसऱ्या दिवशी सकाळी दोसिंदानं नळ सोडला तर दूध घातलेल्या कॉफीसारखं पाणी आलं. गायींनी डोणीत तोंड घातलं, फुरफुरल्या, मागे सरल्या. गाभण मारेलानं तर पाण्याकडे बघायचंच सोडलं. मग खालच्या ओढ्यावरून बादल्या. एका गाईला दिवसाला साठ लिटर. दोसिंदानं मानेवर आडवी काठी घेतली, दोन्हीकडे बादल्या अडकवल्या आणि अकरा दिवस चढ चढली. पाचव्या दिवशी खांद्याची कातडी सोलली. एलादिओनं डुकराची चरबी चोळली आणि पहिल्यांदाच काही टोमणा मारला नाही.

बाराव्या दिवशी कंपनीचा इंजिनिअर गोठ्यात आला, पांढरे बूट जपत.

"बाई, या झऱ्याची सरकारदरबारी नोंद आहे का?"

"झऱ्याची कसली नोंद? तो आहे. हा काय वाहतोय."

"म्हणजे नोंद नाही." त्यानं हातातल्या टॅबलेटवर बोट टेकवलं. "मग आमच्या हिशेबी इथं झरा नाही."

"नाही? मग तुमचे बूट कशानं भिजले?"

तो कसनुसा हसला आणि तिच्याच डोणीत हात धुऊन निघून गेला. गढूळ पाण्यात धुतले मेल्यानं. तेवढंच तिला त्या दिवशी समाधान. पाणी निवळलं ते पुढच्या आठवड्यात.

सभा नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी ठरली. अकरा घरं, अकरा हात. एलादिओ शेंगदाण्याच्या टरफलांनी टेबलावर हिशेब मांडून बसला. बाल्दोमेरो धरून पाच घरं पवनचक्कीच्या बाजूची. विरोधात दोसिंदा, प्लासिदा, प्लासिदाच्या भावाची चिठ्ठी म्हणजे त्याचाही हात प्लासिदाचाच, गिरणीवाला म्हातारा आणि शहरातून येऊन बकऱ्या पाळणारा ब्रेइशो. झाले पाच. अकरावं टरफल त्यानं मधोमध ठेवलं.

"हे लोहाराचं घर. आता नीट ऐक. उद्यापासून तिथं जाऊ नकोस. पंधरा दिवस धुराडं थंड राहू दे. सगळ्यांना दिसेल, बाल्दोमेरोलाही दिसेल. घर यादीतून जाईल. पाच विरुद्ध पाच, ठराव पडला, झरा वाचला."

"आणि पेटती ठेवली तर सहा विरुद्ध पाच. तरी ठराव पडतोच की."

"ओरेन्सिओ आपल्या बाजूनं हात वर करेल, हे तुला कुणी सांगितलं?"

"शेनेरोसाचा मुलगा आहे तो. या झऱ्याचं पाणी पिऊन वाढलाय."

"तीस वर्षं तो बाटलीतलं पाणी पितोय."

"एलादिओ, मी शब्द दिलाय. पाणी गढूळ झालं म्हणून शब्द मोडू?"

"हो," एलादिओ म्हणाला. "मोड."

तिनं मोडला नाही. दुसऱ्या सकाळी सोललेल्या खांद्यावर भारा घेऊन गेली आणि चूल पेटवली. त्याच आठवड्यात तिनं ओरेन्सिओला फोन लावला.

"सभेला येतोयस ना रे?"

"म्हणजे काय! तिकीट काढलंय. तुझ्या हातचा कोबीचा रस्सा खायचाय मला."

हात कुणाच्या बाजूनं, हे तिनं विचारलं नाही. कसं विचारणार? ज्याच्या घरात नऊ वर्षं चूल पेटवली त्याला असं विचारणं म्हणजे दिलेलं मोजून दाखवणं. विलारकोवोतली बाई ते करत नाही. फोन ठेवल्यावर एलादिओनं नुसतं बघितलं. ती गोठ्यात निघून गेली.

ओरेन्सिओ शनिवारी दुपारी आला. भाड्याची गाडी, नवं जाकीट, पोट सुटलेलं. दोसिंदानं त्याचं अंथरूण उन्हात घातलं होतं, कोंबडा कापला होता. तो आला तसा आईच्या चुलीपाशी जाऊन उभा राहिला, हात शेकले आणि म्हणाला, "घर कसं ऊबदार ठेवलंयस गं! आई असल्यासारखं वाटतं." दोसिंदाच्या डोळ्यांत पाणीच आलं. आजवर एवढंही तो कधी बोलला नव्हता.

जेवताना एलादिओनं विषय काढला. "पवनचक्क्यांचं काय म्हणतोस, ओरेन्सिओ?"

"वारा काय, तो वाहतोच," ओरेन्सिओ रश्श्यात पाव बुडवत म्हणाला. "अजून एक पळी वाढ की, दोसिंदा. तिकडे असा कोबी मिळत नाही."

तिनं दोन पळ्या वाढल्या.

रविवारी प्रार्थना आटोपली आणि माणसं बंद पडलेल्या शाळेत जमली. पोरं संपली तशी शाळा संपली. बाकडी तेवढी राहिली होती, आणि म्हातारे गुडघे दुमडून त्यात कसेबसे बसले. इंजिनिअर भिंतीला टेकून उभा होता. बाल्दोमेरोनं वहीतली घरं वाचली. लोहाराचं घर म्हटल्यावर ओरेन्सिओनं बोट वर केलं.

तेवढ्यात ब्रेइशो उठला. बारा वर्षं गावात राहूनही त्या पोराला काही गोष्टी कळल्या नव्हत्या. "माफ करा, पण या घरात कुणी राहतं का? मी तिथं कधी दिवा बघितला नाही. राहणाऱ्यालाच हात वर करता येतो ना?"

प्लासिदा खाली मान घालून आपल्या पिशवीत काहीतरी शोधायला लागली. तो आपल्याच बाजूचा माणूस होता, पण असलं काही चारचौघांत विचारतात का? आणि विचारलं ते कुणाबद्दल, शेनेरोसाच्या घराबद्दल. दोसिंदाच्या कानशिलात रक्त चढलं.

बाल्दोमेरोनं चष्मा काढून पुसला. सावकाश पुसला. "शेजारीण इथंच बसलीय. तिलाच विचारू. दोसिंदा, लोहाराच्या घरातून धूर निघतो का?"

एलादिओनं बाकाखालून तिचा पाय दाबला.

"निघतो," दोसिंदा म्हणाली. "रोज निघतो."

"बारा महिने?"

"बारा महिने. एक दिवस खंड नाही. ते घर जिवंत आहे." हे म्हणताना तिला अभिमान वाटला. खोटं सांगत नाही मी, असंच तिला वाटलं.

"लिहून घेतो," बाल्दोमेरो म्हणाला, आणि त्यानं लिहून घेतलं. वही पुढे केली, खाली तिची सही घेतली. मग पवनचक्क्या हव्यात असं म्हणणाऱ्यांनी हात वर करा, म्हणाला.

पाच हात वर गेले. मग सहावा. नव्या जाकिटाची बाही जरा मागे सरकली आणि मनगटावरचं घड्याळ दिसलं. ओरेन्सिओ फळ्याकडे बघत होता.

दोसिंदाला उभं राहता येईना, बाक अडत होता. तशीच अर्धवट उठून ती ओरडली, "ती चूल मी पेटवते! तिथं कुणी राहत नाही! नऊ वर्षं मी पेटवतेय!"

मागच्या बाकावर कोणीतरी फिसकन हसलं.

"आत्ताच तर म्हणालीस, ते घर जिवंत आहे," बाल्दोमेरो म्हणाला. "सही आहे तुझी. हात बघून साक्ष बदलायची नसते, दोसिंदा. सगळ्या बायका असंच करायला लागल्या तर सभा चालायची कशी?"

बाहेर आल्यावर तिनं ओरेन्सिओला गाडीपाशी गाठलं. तो दार उघडून आत बसायच्या घाईत होता.

"का रे केलंस?"

"माझी पोर तिकडे दोन लेकरं घेऊन एकटी पडलीय. नवरा सोडून गेला. या डोंगरानं मला आजवर काय दिलं, सांग? ऑगस्टात माश्या." तो आत बसला. "पाण्याला काही होणार नाही, इंजिनिअर म्हणालाय."

"आणि मी? नऊ वर्षं मी कुणाची हमाली केली?"

"तू आईला शब्द दिला होतास. मी तुला कधी सांगितलं नव्हतं," ओरेन्सिओ म्हणाला. ते खरंच होतं. त्यानं कधी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून दोसिंदा लोहाराच्या घरात गेली नाही. दोन दिवस धुराडं थंड राहिलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा धूर निघाला. बाल्दोमेरोची सून आत लाकडं टाकत होती. ओरेन्सिओनं तिला महिन्याच्या पगारावर ठेवलं होतं.

एप्रिलमध्ये यंत्रं आली. माळावर रस्ता झाला, चर खणले गेले. काळं पाणी चरांतून पलीकडच्या दरीत वाहून गेलं. मे महिन्यात झरा करंगळीएवढा झाला. जूनमध्ये दोसिंदानं झऱ्याच्या भोकात हात घातला तर हाताला नुसता गार चिखल लागला. कंपनीनं दारात एक निळी प्लास्टिकची टाकी आणून ठेवली. आठवड्याला एक टँकर येणार. उपकार म्हणून हं, झऱ्याची नोंद नव्हती ना. त्या पाण्याला औषधाचा वास. माणसं नाक दाबून प्यायली, गायी पिईनात. दुधाची गाडी आधी रोज यायची, मग दिवसाआड यायला लागली. मारेलाचं वासरू टिकलं नाही.

लुगो शहरातल्या वकिलानं कागद बघितले. "ठराव रद्द होऊ शकतो," तो म्हणाला. "त्या घरात कुणी राहत नव्हतं आणि चूल तुम्ही पेटवत होता, हे सिद्ध करा. पण तुमची सही तुमच्याच विरुद्ध जाते, आणि नवऱ्याची साक्ष धरली जाणार नाही. तुम्हाला आत जाताना बघणारा गावातला माणूस आणा. वर्ष व्हायच्या आत आणा. कोर्ट काम थांबवेल. माळाचे चर बुजवले तर पाणी परत येऊही शकतं."

ब्रेइशो लगेच तयार झाला, पण तो एक किलोमीटर खाली राहायचा. "दिवा नव्हता हे मी सांगेन," तो म्हणाला. "तुला आत जाताना मी कधी बघितलं नाही, खोटं कसं बोलू? प्लासिदाला विचार. तिच्या स्वयंपाकघरातून लोहाराचं दार समोरच दिसतं. ती आपल्याच बाजूची आहे."

दोसिंदा रिकामी बादली घेऊन त्याच पावली वर चढली. प्लासिदा विहिरीपाशी बटाटे धूत होती. दोघी एकाच वर्षी जन्मलेल्या, याच शाळेत एका बाकावर बसलेल्या. दोसिंदानं सगळं सांगितलं, वकील म्हणाला तसं.

"एकदाच यायचं, प्लासिदा. जे बघितलं तेच बोलायचं. रोज सकाळी भारा घेऊन जायचे मी. तू खिडकीतून हात करायचीस मला."

प्लासिदानं बटाटा पाण्यात बुडवला, वर काढला, परत बुडवला.

"आणि मग ते माझ्या भावाचं धुराडं बघायला येतील."

दोसिंदानं बादली या हातातून त्या हातात घेतली.

"पवनचक्क्या नको म्हणून मी दोन हात वर केले होते," प्लासिदा म्हणाली. "माझं मन साफ आहे. पण आता त्या येणारच, आणि घराघराला वर्षाला पैसे मिळणार. तीस वर्षं. भाऊ म्हणतो, आपलंच नुकसान करून दुसऱ्याचा झरा कशाला वाचवायचा? मी नाही म्हणत असं. तो म्हणतो."

"तू मला बघितलंयस की नाही?"

"मी लोकांच्या घरांकडे बघत नसते, दोसिंदा. कधीच बघितलं नाही."

खाली गोठ्यात गायी हंबरत होत्या. दुपारचं पाणी व्हायचं होतं. आवाज वरपर्यंत येत होता, आणि प्लासिदालाही तो ऐकू येत होता. तिनं ओले हात एप्रनला पुसले, विहिरीवरचं झाकण बाजूला सारलं.

"पाणी ने ना," ती म्हणाली. "दोन गायींना पुरेल एवढं रोज नेत जा. मी कधी नाही म्हणणार नाही तुला. आण ती बादली इकडे."

दोसिंदाला वाटलं, बादली तिच्या अंगावर फेकून खाली निघून जावं. मग तिनं बादली पुढे केली.